एका माणसाचा स्वयंपाक : थोडे शास्त्र, थोडा हिशेब

महाविद्यालयाच्या अंकात स्वयंपाकावरचा लेख, आणि तोही एका मुलाने लिहिलेला, हे पाहून काही वाचक पान उलटतील. त्यांना माझी हरकत नाही. परंतु चंदगड, खानापूर, निपाणी, हुक्केरी या बाजूंनी येऊन जे विद्यार्थी शहापूर-टिळकवाडीत खोली करून राहतात, त्यांनी मात्र दहा मिनिटे थांबावे. हा लेख त्यांच्यासाठी आहे. मी तीन वर्षे एका खोलीत राहून एकट्यापुरते रांधून खात आलो आहे. बी.एस्सी.ला रसायनशास्त्र घेतले त्याचा उपयोग प्रयोगशाळेपेक्षा शेगडीपाशी अधिक झाला, असे मित्र म्हणतात आणि मला ते कबूल आहे.

विषय दिसतो तितका गमतीचा नाही. पहिल्या वर्षाला आमच्या वर्गात एक हुशार मुलगा होता. घरी कोरडवाहू जमीन, महिन्याला येणारे पैसे मोजके. खाणावळीचे दोन वेळचे डबे परवडेनात म्हणून त्याने रात्रीचा डबा बंद केला आणि त्या वेळी दोन चहा व दोन वडापाव यांवर भागवू लागला. दुसऱ्या सत्रात तो वरचेवर आजारी पडे. हजेरी कमी भरली, आणि गावी गेला तो परत आलाच नाही. वाईट याचे वाटते की, त्याने वाचवले काहीच नव्हते. भाव वरखाली होतात म्हणून येथे रुपये लिहीत नाही. पण आपापल्या पेठेतला भाव घेऊन कोणीही हिशेब करून पाहावा. दोन चहा आणि दोन वडापावांच्या पैशांत ज्वारीच्या तीन भाकऱ्या, वाटीभर आमटी व मूठभर शेंगदाणे होतात आणि वर काही पैसे उरतात. त्याच्याकडे पैसे कमी होते हे खरे, पण त्याहून कमी होती ती माहिती. आपल्याकडे मुलगे घरी ताटावर बसतात आणि ताटावरून उठतात. मध्ये काय घडते ते त्यांना कोणी दाखवत नाही.

पूर्वीचे गरीब विद्यार्थी माधुकरी मागत, किंवा वार लावून जेवत. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी, अशी सात घरे धरली की आठवडा निघे. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०१ पासून वसतिगृहे काढण्यास प्रारंभ केला तो याच अडचणीवर. आज वार लावता येत नाहीत, आणि वसतिगृहात सर्वांना जागा मिळत नाही. तेव्हा खोली, एक शेगडी आणि आपण.

आता मुख्य अडचणीकडे वळतो. पाच माणसांचा स्वयंपाक दर माणशी स्वस्त पडतो आणि एकट्याचा महाग पडतो. याचे कारण असे की, काही खर्च माणसांवर अवलंबून नसतात. आमटी एका वाटीची असो वा पाच वाट्यांची, फोडणीला तेल लागतेच. तवा तापायला लागणारा गॅस एका भाकरीला आणि दहा भाकऱ्यांना जवळजवळ सारखाच. बाजारातली मेथीची पेंडी कोणी एकट्यासाठी अर्धी तोडून देत नाही. त्यात पाकशास्त्राच्या पुस्तकांतली प्रमाणे बहुधा चार माणसांची. चाराने भागले की एक माणूस होतो हे गणितात खरे, पण चिमूटभर हिंगाला चाराने भागता येत नाही. म्हणून एकट्याने स्वयंपाक एका जेवणाचा म्हणून न धरता दोन-तीन जेवणांची साखळी म्हणून धरावा. आज चिरलेले, भिजवलेले, शिजवलेले उद्या कोणत्या रूपात ताटात येणार, हे आजच ठरलेले असावे.

मेथीचीच पेंडी घेऊ. पहिल्या दिवशी निम्मी पाने खुडून, तासभर भिजवलेली मूगडाळ घालून सुकी भाजी करावी. उरलेली पाने न धुता कागदात गुंडाळून खोलीच्या गार कोपऱ्यात ठेवावी; धुतली की ओलीने सडतात. त्याच दिवशी कोवळे देठ बारीक चिरून आमटीत टाकावे. दुसऱ्या दिवशी मूठभर पाने झुणक्यात. तिसऱ्या दिवशी जी मलूल झाली असतील ती ज्वारीच्या पिठात, थोडे बेसन, तिखट, मीठ, ओवा घालून धपाट्यात. धपाट्यातली मलूल मेथी ओळखून दाखवणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. कोथिंबिरीची पेंडी मुळांसकट पेल्यात पाणी घालून उभी ठेवावी, म्हणजे तीन दिवस टवटवीत राहते. तिचे देठ शेंगदाण्याबरोबर वाटले तर पानांपेक्षा चटणी अधिक खमंग होते. आणि तरीही पेंडी मोठीच वाटली, तर शेजारच्या खोलीत निम्मी द्यावी. परवा त्याच्या कोबीतला अर्धा गड्डा आपल्याकडे येतो.

खरेदीत मी एकच भेद पाळतो : कोरडे महिन्याचे, ओले दोन दिवसांचे. तांदूळ, ज्वारी, तूरडाळ, मूगडाळ, मटकी, बेसन, शेंगदाणे, गूळ, तेल, मीठ-मसाला हे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात, पैसे हातात असताना भरून टाकावे. मग महिनाअखेरीस खिसा रिकामा झाला तरी डबा रिकामा होत नाही. भाजी मात्र दोन दिवसांपुरतीच, आणि जमल्यास संध्याकाळी उशिरा. बेळगावच्या आसपासच्या खेड्यांतून ताजी भाजी रोज येते. घरी परतण्याच्या घाईत असलेल्या मावशी शेवटचा वाटा कमी भावाने देतात. तेव्हा घासाघीस करू नये. भाव त्यांनी आधीच उतरवलेला असतो.

एकट्या माणसाचे सर्वांत सोयीचे अन्न कोणते असे विचाराल, तर मी भाकरीचे नाव घेईन. मराठी भाकरी आणि कानडी जोळद रोट्टी यांत फरक किती, हा वाद मी अंकाच्या दोन्ही विभागांच्या संपादकांवर सोपवतो. भाकरी जमत नाही म्हणून मुले पोळीकडे आणि पोळी जमत नाही म्हणून ब्रेडकडे वळतात. पण भाकरी न जमण्याचे कारण हाताच्या कौशल्यात थोडे आणि पिठाच्या रसायनात जास्त आहे. गव्हाच्या पिठात पाणी मिळाले की त्यातील प्रथिनांचे चिवट जाळे तयार होते, म्हणून कणीक ताणली तरी तुटत नाही. ज्वारीत असे जाळे होत नाही. तिथे पीठ धरून ठेवण्याचे काम पिष्टमय कणांना करावे लागते, आणि ते कण गरम पाण्यात फुगल्याशिवाय चिकट होत नाहीत. म्हणून उकळते पाणी. आमच्या घरमालकीणबाई मूळच्या धारवाडकडच्या. त्या म्हणतात, “तम्मा, पाणी उकळतं ओत, चमच्यानं हलव, आणि हाताला सोसवलं की लगेच मळ. पीठ कुणासाठी थांबत नाही.” यात सगळे आले. मळलेला गोळा ठेवून दिला की कोरडा पडतो आणि थापताना कडा फाटतात, म्हणून एका वेळी एकाच भाकरीचे पीठ मळावे. जुन्या पिठाची विरी जाते, मग कितीही गरम पाणी घाला, भाकरी चिरत राहते. तेव्हा दळण थोडे आणावे. एक किलो पिठात पंधरा-सोळा भाकऱ्या होतात. दिवसाला तीन धरल्या तर दोन किलोंचे दळण दहा दिवसांत संपते, आणि तेवढ्यात विरी जात नाही. गिरणीवाले इतके लहान दळण घ्यायला नाखूश असले तर घरमालकीणबाईंच्या डब्याबरोबर आपला डबा पाठवावा.

भाकरीचा दुसरा गुण असा की ती टिकते. सकाळची भाकरी रात्री चालते. दुसऱ्या दिवशी ती कुस्करून कांद्याच्या फोडणीत परतावी, वर ताकाचा हबका मारावा, की न्याहारी झाली. मंद तव्यावर पूर्ण वाळवलेली कडक भाकरी तर सोलापूर, विजापूर भागात कित्येक दिवस ठेवतात. प्रवासाला नेतात, दुकानांतून विकतही मिळते. टिकण्याचे रहस्य कोरडेपणात आहे. जंतूंना वाढायला पाणी लागते, आणि भाजलेल्या भाकरीत ते फारसे राहत नाही.

येथेच भाताबद्दल सावध करावयाचे आहे, कारण काटकसरीच्या नावाखाली खोल्याखोल्यांतून सर्वांत मोठी चूक भाताचीच होते. रात्रीचा उरलेला भात पातेल्यात झाकून ठेवायचा आणि दुसऱ्या दिवशी दुपारी फोडणीला टाकायचा, ही आपली जुनी रीत. तांदळात बॅसिलस सेरियस नावाच्या जंतूची बीजे असू शकतात आणि ती भात शिजला तरी मरत नाहीत. भात कोमट स्थितीत तासन् तास राहिला की ती रुजतात, वाढतात आणि विष तयार करतात. उलट्या करवणारे हे विष फोडणीच्या उष्णतेनेही नाहीसे होत नाही. म्हणजे भात पुन्हा खमंग परतला, वाफ काढली, तरी भरवसा नाही. ज्यांच्या खोलीत फ्रीज आहे त्यांनी भात शिजल्यावर तास-दोन तासांत पसरट भांड्यात निववून आत ठेवावा. ज्यांच्याकडे नाही त्यांनी, आणि बहुतेकांकडे नसतो, त्या जेवणापुरताच भात लावावा. एकट्याला अर्धी वाटी तांदूळ पुरे. उरवायचेच असेल तर भाकरी उरवावी. तसेच शेंगदाण्यांचे. काळपट, सुरकुतलेला, बुरशी आलेला दाणा भाजून खपवू नये; त्या बुरशीचे विष भाजण्याने पुरते जात नाही आणि ते यकृताला घातक आहे. असे दाणे टाकून देताना मनाला लागते, पण टाकावेत.

आता आमटी. डाळ-भात, भाकरी-आमटी, मटकीची उसळ आणि भाकरी या जोड्या आपल्या पूर्वजांनी कोणतेही पुस्तक न वाचता बसवल्या, आणि त्या शास्त्राला पटतात. धान्याच्या प्रथिनांत लायसिन हा घटक कमी असतो, डाळींत तो भरपूर. डाळींत मेथिओनिन कमी, ते धान्यात मिळते. दोन्ही एका दिवसात पोटात गेली की एकाची उणीव दुसरे भरून काढते. १०० ग्रॅम तूरडाळीत सुमारे २२ ग्रॅम प्रथिने असतात, शेंगदाण्यांत सुमारे २५ आणि ज्वारीत सुमारे १०. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम. जे अंडी खातात त्यांनी खुशाल खावीत. न खाणाऱ्यांचेही डाळ, उसळ, दाणे आणि ताक यांवर भागते. फक्त डाळ पातळ करता करता तिचे पिवळे पाणी होऊ देऊ नये. खाणावळीतली ती विद्या घरी आणण्याचे कारण नाही.

डाळ शिजत नाही ही तक्रार खोल्यांवर नेहमी ऐकू येते. तीन गोष्टी पाहाव्यात. डाळ तासभर भिजत घातली होती का? चिंच, कोकम किंवा टोमॅटो आधीच टाकला होता का? आंबट पदार्थ डाळीला मऊ होऊ देत नाही, तो शिजल्यानंतरच घालावा. आणि पाणी बोअरचे आहे का? जड पाण्यातले क्षार डाळीच्या सालपटाला आणि गाभ्याला घट्ट धरून ठेवतात. अशा वेळी काही जण खाण्याचा सोडा टाकतात. डाळ शिजते खरी, पण ब-१ जीवनसत्त्व त्यात नष्ट होते. त्यापेक्षा प्यायचे नळाचे पाणी घ्यावे.

बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे अडीच हजार फुटांवर आहे. त्यामुळे येथे उघड्या पातेल्यातले पाणी शंभर अंशांना न उकळता साडेसत्त्याण्णवच्या आसपासच उकळते, आणि खाली गोवा-कोकणात लागतो त्यापेक्षा थोडा अधिक वेळ शिजायला लागतो. प्रेशर कुकरमध्ये वाफ कोंडल्यामुळे तापमान १२० अंशांपर्यंत चढते. म्हणून एकट्या माणसाने पहिली मोठी खरेदी कुकरचीच करावी, दोन-तीन लिटरचा पुरे. मात्र शिट्या मोजण्याची सवय सोडावी. शिटी म्हणजे आपण पैसे देऊन तयार केलेली वाफ बाहेर जाणे. पहिली शिटी झाली की आच अगदी बारीक करावी, घड्याळ पाहावे आणि तूरडाळीला सात-आठ मिनिटे द्यावीत. पुढे गॅस बंद केल्यावर कुकर आपोआप उतरेपर्यंत आतले शिजणे चालूच असते. ते फुकटचे आहे, झाकण घाईने काढून ते दवडू नये. एका डब्यात तांदूळ, दुसऱ्यात डाळ, वर एखादा बटाटा ठेवला की एका आचेवर तीन पदार्थ होतात. उघड्या पातेल्यातसुद्धा एकदा उकळी आल्यावर मोठी आच ठेवण्यात अर्थ नाही. पाणी उकळीच्या वर तापत नाही, फक्त लवकर आटते. झाकण ठेवा, आच कमी करा.

सकाळी शिजवलेल्या डाळीचे दोन भाग करावेत. एकाचे साधे वरण, मीठ-हळद-हिंग. दुसऱ्याची रात्री आमटी, चिंच-गूळ आणि फोडणी घालून चांगली खळखळून उकळलेली. त्यापुढे तिसऱ्या जेवणाला फ्रीजशिवाय ती नेऊ नये. डाळ मुळीच नसेल त्या दिवशी बेसन आहे. झुणका हा अर्ध्या वाटी बेसनाचा, एका कांद्याचा, दहा मिनिटांचा पदार्थ. महाराष्ट्र सरकारने १९९५ साली एक रुपयात जेवण द्यायचे ठरवले तेव्हा त्यालाही झुणका-भाकरच सुचली.

कडधान्य आठवड्यातून दोनदा मोडवावे. मूठभर मटकी रात्री भिजत घालून सकाळी ओल्या फडक्यात बांधून ठेवली की संध्याकाळपर्यंत किंवा दुसऱ्या सकाळी मोड येतात. कोरड्या कडधान्यात क जीवनसत्त्व जवळजवळ नसते, ते मोड येताना तयार होते. भाजी महागते त्या दिवसांत हा आधार मोठा. मूठभर मटकी फुगून वाटीभर होते, हा फायदा निराळाच.

भाजणाच्या, म्हणजे बेकिंगच्या बाबतीत माझे मत काहींना रुचणार नाही. कुकरच्या तळाशी मीठ पसरून, शिटी आणि रबर काढून, त्यात केक करण्याची टूम खोल्यांवर आहे. केक होतो. पण रिकामा कुकर तापवायला आणि मग पाऊण तास केक भाजायला जो गॅस जातो त्यात दोन दिवसांची आमटी होते, आणि पाण्याशिवाय तापवलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या भांड्याचे आयुष्यही घटते. वाढदिवसाला करावा, रोजचा नव्हे. एका माणसासाठी भट्टी पेटवणे महाग, म्हणून तर पाव बेकरीतून आणायची पद्धत पडली. गोव्यात पदेर सायकलीवरून भोंगा वाजवत दारी पाव आणतो. शंभर घरांचा जळणाचा खर्च एका भट्टीत वाटला जातो.

गोड खावेसे वाटलेच तर आपल्या आज्यांनी भट्टीविना भाजण्याच्या युक्त्या करून ठेवल्या आहेत. तांदळाच्या पिठात गूळ, मीठ आणि पाणी घालून सैलसर कालवावे, केळीच्या पानावर पसरावे, वर दुसरे पान ठेवावे आणि तव्यावर झाकण घालून दोन्ही बाजूंनी भाजावे, ही पानगी. पान करपते, आतले भाजते, तेलाचा थेंब लागत नाही. दुसरे, कोकणातले धोंडस. एक वाटी रवा चमचाभर तुपावर परतून घ्यावा. दीड वाटी किसलेली मोठी काकडी, पाऊण वाटी गूळ, चिमूट मीठ एकत्र गरम करून त्यात रवा मिसळावा, असल्यास थोडे ओले खोबरे घालावे. अर्धा तास मुरू द्यावे. मग जाड बुडाच्या, तूप लावलेल्या भांड्यात ओतून घट्ट झाकण ठेवावे आणि अगदी मंद आचेवर अर्धा तास ठेवावे. पूर्वी झाकणावर निखारे ठेवीत, म्हणजे वरूनही लाली येई. आपल्याकडे निखारे नाहीत, तेव्हा वडी उलटून दुसरी बाजू पाच मिनिटे तव्यावर शेकावी. चार मोठ्या वड्या होतात. दोन आपल्याला, दोन ज्याने मागे कोबी दिला त्याला.

परीक्षेच्या दिवसांबद्दल लिहून थांबतो, कारण खोलीवरचा स्वयंपाक मोडतो तो त्याच पंधरवड्यात. त्याआधीच्या रविवारी पाव किलो शेंगदाणे भाजून, लसूण, तिखट, मीठ, जिरे घालून चटणी कुटून ठेवावी. कोरड्या बरणीत ती तो सबंध पंधरवडा टिकते. आणि रात्री खिचडी. अर्धी वाटी तांदूळ, पाव वाटी मूगडाळ, दोन्ही धुऊन, हळद, मीठ, जिऱ्याची फोडणी, अडीच वाट्या पाणी. एक शिटी, मग पाच मिनिटे बारीक आच. कुकर उतरेपर्यंत एक प्रश्न सोडवून होतो. वर चटणी घ्यावी आणि चमच्यानेच खावे, म्हणजे दुसऱ्या हाताने वहीचे पान उलटता येते.